भिंत कोणी बांधायची?



हिवाळी ऑलिंपिकमध्ये 'ल्यूज' नावाचा एक खेळ असतो. आपल्याकडे बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर नाहीतर मासळी बाजारात, म्हणून थोडे समजावून सांगतो. खेळाडू एका छोट्या घसरगाडीवर उताणा झोपतो, पाय पुढे करून. बर्फाच्या वळणावळणाच्या मार्गावरून ताशी १३०-१४० किलोमीटर वेगाने तो खाली येतो. गाडीला ब्रेक नसतो. पोटऱ्यांनी आणि खांद्यांनी दाब देऊन ती वळवायची.

या खेळात भारताचे नाव नेले ते शिव केशवन यांनी. मनालीजवळच्या वशिष्ठ गावात वाढलेले केशवन १९९८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, जपानमधील नागानो ऑलिंपिकमध्ये उतरले आणि २०१८ पर्यंत सहा ऑलिंपिक खेळले. सरावासाठी बर्फाचा मार्ग नव्हता, तेव्हा घसरगाडीला चाके लावून ते हिमालयातल्या रस्त्यांवर मोटारी आणि गुरे चुकवीत सराव करीत.

२०१० च्या ऑलिंपिकसाठी ते कॅनडात असताना एक दुःखद घटना घडली. १२ फेब्रुवारीला, उद्घाटनाच्याच दिवशी, जॉर्जियाचा नोदार कुमारितश्विली हा २१ वर्षांचा खेळाडू सरावात शेवटच्या वळणावर बाहेर फेकला गेला. तो लोखंडी खांबावर आदळला आणि मरण पावला. एका वळणाची भीती वाटते, असे त्याने आपल्याला सांगितले होते, हे त्याच्या वडिलांनी नंतर पत्रकारांना सांगितले.

मग प्रश्न पडतो, खेळासाठी जीव धोक्यात घालणे नीतीला धरून आहे का? जीवन हे देवाचे दान आहे, ते उधळण्याचा अधिकार आपल्याला नाही. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन खाली उडी टाकायला सुचवले, तेव्हा प्रभूने साफ नकार दिला. पण तोच प्रभू पुढे मरण समोर दिसत असताना यरुशलेमच्या वाटेला लागला. म्हणजे धोका किती, एवढ्यावरून योग्य-अयोग्य ठरत नाही. तो कशासाठी आणि कोणत्या विचाराने पत्करला, हेही पाहावे लागते. अॅरिस्टॉटलने धैर्याला भित्रेपणा आणि अविचार यांच्या मधली जागा दिली. संत थॉमस अक्वायनस सांगतात की धैर्याला विवेकाने वाट दाखवली पाहिजे. खेळात माणूस कष्ट, शिस्त आणि भीतीवर ताबा शिकतो. म्हणून धोक्याचा प्रत्येक खेळ पाप आहे, असे मी म्हणणार नाही.

पण माझा खरा प्रश्न पुढे आहे. अपघातानंतर खेळाच्या संघटनेने आणि आयोजकांनी सांगितले की मार्गात दोष नव्हता, वळण घेताना खेळाडू चुकला. आणि त्याच वेळी त्यांनी त्या वळणावरची भिंत उंच केली आणि पुरुषांची सुरुवात आणखी खालून ठेवली. मार्गात दोष नव्हता, तर भिंत का वाढवली? आणि वाढवता येत होती, तर आदल्या दिवशी का नाही?

आता आपल्या परिसरात या. गुरुपौर्णिमा झाली की लालबाग-परळच्या गल्ल्यांतून गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. मित्रांच्या हाकेने आपलीही मुले जातात. त्यात एकी आहे, आनंद आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि वयाची अट १४ वर आली. २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, विम्याची सोय केली. तरी दहीहंडीच्या दिवशी जखमी गोविंदा केईएममध्ये येतातच.

थर कोसळला की आपण सहज म्हणतो, "पोराचा तोल गेला." पण उंची कोणी ठरवली? बक्षिसाची रक्कम कोणी वाढवली? "अजून एक थर" म्हणून खालून कोण ओरडले? वर चढणाऱ्याकडे धैर्य असते. त्या क्षणी सगळा विवेकही त्याच्याचकडे असावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. विवेक खाली उभ्या असलेल्यांनी ठेवायचा असतो. चांगल्या पथकात थरांभोवती हात वर करून माणसे उभी असतात. टाळ्या त्यांच्या वाट्याला फारशा येत नाहीत. पण पडणारा त्यांच्याच हातांवर पडतो.

पालकांनो, मुलगा "मला भीती वाटते" म्हणाला तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याला काहीतरी दिसले आहे, ते आधी ऐकून घ्या. आणि तरुणांनो, मित्र वर चढत असेल तर विचारा: हेल्मेट आहे का, सराव पुरेसा झाला का, खाली हात किती आहेत? उत्तर समाधानकारक नसेल तर त्याला खाली उतरवा. अशा वेळी "नको" म्हणायलाही धैर्य लागते.

भिंत अपघाताच्या आदल्या दिवशी बांधायची असते. ते काम आपले आहे.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू