विटेएवढं अंतर



आज १ जुलै २०२०, आषाढी एकादशी. यंदा पायी वारी नाही. माऊलींच्या आणि तुकोबांच्या पादुका काल एसटीने पंढरपूरला गेल्या. आपण घरी थांबायचं, हीच आपली वारी. पण ज्यांना घरी थांबताच येत नाही, त्यांचं काय?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, कुठेही बघा. कुणाची मुलगी नर्स आहे, कुणाचा नवरा बेस्टमध्ये कंडक्टर. १५ जूनपासून लोकल सुरू झाली, तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. त्यांना रोज जावंच लागतं. आणि घरात मधुमेह असलेली आई, नाहीतर डायलिसिसवरचे बाबा. जिना चढताना एकच धाकधूक: मी घरात काय घेऊन चाललोय?

मित्रांनो, आज पुंडलिकाची गोष्ट आठवू या. तो आईवडिलांची सेवा करत होता आणि प्रत्यक्ष देव दारात आला. पुंडलिकाने वीट पुढे सरकवली आणि थांबायला सांगितलं. आपण त्या विटेकडे नेहमी देवाचं आसन म्हणून बघतो. आज पुंडलिकाच्या बाजूने बघा. त्याने देवाला परत पाठवलं नाही, पण आतही घेतलं नाही, कारण आत त्याचे म्हातारे आईबाप होते. आणि देव रागावला का? कमरेवर हात ठेवून थांबला! घरातल्या थकल्या जिवासाठी ठेवलेलं अंतर देवालासुद्धा मान्य आहे.

मग कामावरून आल्यावर उंबऱ्याशी थांबणं ही सेवाच झाली. कपडे आधी साबणाच्या पाण्यात, मग अंघोळ, मगच आईची चौकशी. आता चाळीतल्या एका खोलीत वेगळी खोली कुठून आणणार? तिथे घरातही मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, जेवायला मागे-पुढे बसा. खिडकीजवळची जागा आईला द्या, आपली पथारी दाराशी. ताप आला, वास येईनासा झाला, तर लपवू नका. पालिकेच्या १९१६ वर फोन करा.

घरी असणाऱ्यांनो, तुम्हालाही एक सांगणं. कामावर जाणाऱ्याकडे संशयाने बघू नका. वॉर्डात ती ज्यांना औषध देते, तीही कुणाची तरी आईच असते. आणि आईला नुसतं कोपऱ्यात बसवून ठेवू नका. काय हवं, कशाची भीती वाटते, हे तिलाच विचारा. अंतर शरीराचं असू दे, बोलण्याचं नको. हरिपाठ आपापल्या जागेवरून एकत्र म्हणता येतो.

एवढं करूनही आजार घरात आला तर? तर तो तुमच्या भक्तीतला उणेपणा नाही, आणि कुणाचं पापही नाही. आपल्या हाती काळजी घेणं आहे, ती मनापासून घ्यायची. पुढचं विठ्ठलावर सोपवायचं.

आजचा संकल्प: आज दारात पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबा, मनात ‘विठ्ठल’ म्हणा, आणि सरळ साबणाकडे जा.

जय हरी विठ्ठल!