काठावरची हरकत

अकोल्यास मोर्णेकाठी उंच इमारत उठू लागली, की आम्हां शेजाऱ्यांस प्रथम अडलेला वारा आठवतो. ही तक्रार लटकी खरी. नदीकडे पाठ करून घरे आम्हीही बांधलीच. जानेवारी २०१८ मध्ये हजारो नागरिक पात्र स्वच्छ करावयास उतरले, त्यात थोडे प्रायश्चित्तही असावे. परंतु अपराध्याची हरकत तेवढ्याने खोटी ठरत नाही. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची; तिच्याबाहेर बांधणारा कायद्याने बहुधा निर्दोष. तथापि भरावाने पाणी नाहीसे होत नाही, ते समोरच्या सखल वस्तीकडे वळते. जुलै २०२१ च्या पुरात मोर्णेकाठची घरे बुडालेली आम्ही जाणतो. त्या वस्तीतील रहिवाशांस आमच्या सभेस बोलवावे, हे मात्र अद्याप आम्हांसही सुचलेले नाही.