पगार नाही, म्हणून सेवा?

॥ श्री गुरवे नमः ॥



गेल्या गुरुवारी आरतीनंतर आपल्या वडोदऱ्याच्या एका ताईंनी विषय काढला. सून न्यू जर्सीत, एच-४ व्हिसावर. इथं अकाउंट्सचं काम केलेली, तिथं घरी बसून. कामाच्या परवानगीचा अर्ज केलाय, कार्ड अजून आलेलं नाही. ओळखीचे एक दुकानदार म्हणाले, "सेवा म्हणून आमचे हिशेब बघ, कार्ड आलं की नोकरी पक्की." ताईंचा प्रश्न सरळ होता: पैसेच घेतले नाहीत तर वावगं काय? उलट हे निष्काम कर्मच की!

आम्हालाही क्षणभर तसंच वाटलं. मग नीट माहिती घेतली.

एच-४ हा एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांच्या पती-पत्नीला आणि मुलांना मिळणारा व्हिसा. 2015 पासून, जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत गेलं असेल, तर पती किंवा पत्नीला कामाची परवानगी मागता येते. तिलाच सगळे ईएडी म्हणतात. अर्ज टाकला म्हणजे परवानगी आली असं नाही. आणि तिथला कायदा फक्त पगार बघत नाही. जेवणखाण, राहण्याची सोय, अशा गोष्टीही मोबदल्यात धरल्या जाऊ शकतात. नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यात, जिथं एरवी पगारी माणूस ठेवला असता, तिथं फुकट काम केलं तरी ते काम ठरू शकतं. धर्मादाय संस्थेत अन्नवाटप किंवा मंदिरात झाडलोट, म्हणजे जिथं नेहमी स्वयंसेवकच असतात, तिथं सहसा अडचण येत नाही. (प्रत्येकाचं प्रकरण वेगळं, तिथल्या वकिलांनाच विचारावं.)

हे कळल्यावर आम्ही जरा गप्पच झालो. कारण कायदा जे विचारतो तेच आपणही स्वतःला विचारायला हवं. पैसे घेतले नाहीत एवढ्यानं कर्म निष्काम होत नाही. 'नोकरी पक्की' हे फळ डोळ्यांसमोर ठेवून केलेली ती उधारीची नोकरी झाली. आणि दुकानदाराला फुकटात हिशेबनीस मिळाला, ही सेवा कुणाची? आपल्याकडेही उत्सवात फोटोपुरते वाढायला उभे राहणारे आहेतच, नावं घेत नाही.

पण नियम पाळा म्हणून सांगणं इथं बसून सोपं आहे. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारण 7 टक्के, त्यामुळे आपल्या लोकांची रांग कित्येक वर्षांची. शिकलेली, कमावती बाई, आणि भाजीच्या पैशांसाठी नवऱ्याकडे बघायचं. वर इकडून फोन, "मग दिवसभर करतेस काय गं?" हा नियम अन्यायाचा आहे असं कुणी म्हणालं तर आम्ही वाद घालणार नाही. कुणी शेजारणीचं मूल सांभाळून चार डॉलर घेतले, तर तिला पापी म्हणायलाही आमची जीभ रेटत नाही. फक्त त्याला सेवा म्हणू नये. लपवावं लागतं ते गुरुचरणी कसं ठेवणार? आणि पकडलं गेलं तर तिचा व्हिसा, तिचं ग्रीन कार्ड अडचणीत. दुकानदार दुसरी सून शोधेल.

सूनबाईंनी दुकानाला नाही म्हटलं. आता शनिवारी वाचनालयात मुलांना गणित शिकवायला जातात. तिथं कुणालाच पगार नसतो. पुढं अनुभवाचं पत्र मिळेल म्हणूनही जाते, हे त्यांनी सासूबाईंना मोकळेपणानं सांगितलं. आम्हाला ते आवडलं. एच-४ वर शिकताही येतं, म्हणून एका कोर्सचीही चौकशी चालू आहे.

ताईंना आम्ही एकच विनंती केली, "कार्ड आलं का" म्हणून रोज विचारू नका. त्या म्हणाल्या, "बरं, दिवसाआड विचारते."

जय गुरुदेव.