माझ्या समक्ष

कामानिमित्त परदेशी जायचे ठरले, की बॅग भरताना आमच्या घरी एक संवाद ठरलेला असतो. सौ. शर्टांच्या घड्या घालता घालता विचारते, "अहो, मग या वेळी काय काय बघून येणार?" मी म्हणतो, "अगं, कामाला चाललोय, फिरायला नाही." त्यावर तिचे उत्तरही ठरलेले. "ते ठाऊक आहे मला. पण एवढ्या लांब जायचे आणि नुसता कारखाना बघून परत यायचे?"

प्रश्न वरवर साधा आहे, पण गेली पंचवीस वर्षे मी त्याच्याशी झगडतो आहे. कामासाठी अनोळखी शहरात गेलेल्या माणसाने ते शहर पाहावे का? पाहावे तर कोणत्या वेळात? तिकीट कंपनीचे, हॉटेल कंपनीचे. मग तिथला संध्याकाळचा तास कोणाचा? आखातात राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना हा प्रश्न पडला असेल, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला आहे.

या बाबतीत मला दोन प्रकारची माणसे भेटली. एक सहकारी वीस देश फिरून आला, पण त्याला विचारावे तर सगळीकडची विमानतळे आणि नाश्त्याची टेबले तेवढी आठवतात. दुसऱ्याचे उलटे. तो आधी प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो आणि उरलेल्या वेळात काम बसवतो. पहिल्याची कीव येते, दुसऱ्याचा राग येतो. आणि खरे सांगायचे तर थोडा हेवाही वाटतो!

माझा व्यवसाय तपासणीचा. मोठी यंत्रे ग्राहकाकडे रवाना होण्यापूर्वी कारखान्यात जायचे, त्यांची चाचणी डोळ्यांनी पाहायची आणि कागदावर सही करायची. त्या सहीचा अर्थ एवढाच, की ही चाचणी माझ्या समक्ष झाली. यंत्र मी बनवत नाही, चालवतही नाही. पाहणे हेच माझे काम.

आता एक गोष्ट सांगतो, जी आजवर घराबाहेर कोणाला सांगितली नव्हती. १९९८ साली मी पुण्यात नोकरीला होतो. तिरुचिरापल्लीजवळच्या एका कारखान्यात दाबपात्राची चाचणी होती. पात्रात पाणी भरायचे, दाब चढवायचा, ठरलेला वेळ तो धरून ठेवायचा आणि प्रत्येक वेल्डिंगचा सांधा फिरून पाहायचा, की कुठे थेंब तर पाझरत नाही. दाब चढायला सकाळी उशीर झाला. दुपारी श्रीरंगमचे मंदिर बंद होईल आणि रात्रीची तर परतीची गाडी! मी तिथल्या माणसांना म्हटले, "तुम्ही चालू द्या, मी आलोच." कावेरीच्या बेटावरचे ते सात प्राकार, १९८७ साली पूर्ण झालेले उत्तुंग राजगोपुर, आत पहुडलेला रंगनाथ, सारे पाहिले. संध्याकाळी परत आलो, कागदावर सगळे आकडे बरोबर होते. मी सही केली.

पुढे काय झाले? काहीच झाले नाही. ते पात्र व्यवस्थित चालले. कोणाला इजा झाली नाही, कोणी मला जाब विचारला नाही. आणि तेच मला टोचत राहिले. काही वाईट घडले असते तर शिक्षा भोगून मोकळा झालो असतो. इथे मात्र एक खोटे वाक्य माझ्या सहीने कुठल्याशा फायलीत पडून आहे. "देवाच्या दर्शनाला तर गेलो होतो, सिनेमाला नाही," अशी मी मनाची समजूत घालत असे. पण मग पंढरपूरची आठवण येई. तिथली सारी कथाच याच्या उलट आहे. पुंडलिक हातातली आईवडिलांची सेवा सोडून दर्शनाला धावला नाही. त्याने वीट पुढे सरकवली आणि देवालाच थांबायला सांगितले. देव रागावला नाही, उभा राहिला. मी मात्र कामाला थांबायला सांगितले होते, आणि तेही देवाचे नाव पुढे करून.

वीस वर्षांनी, म्हणजे २०१८ च्या ऑक्टोबरात, तोच पेपर पुन्हा समोर आला. तोवर आम्ही मस्कतमध्ये स्थिरावलो होतो. एका गॅस कॉम्प्रेसरच्या चाचणीसाठी मला इटलीत फ्लोरेन्सला पाठवले. रोमहून रेल्वेने दीड तासात पोहोचलो. फ्लोरेन्स म्हणजे आम्हा इंजिनियरांची पंढरीच. तिथल्या कॅथेड्रलचा घुमट ब्रुनेलेस्की नावाच्या माणसाने १४२० ते १४३६ या काळात बांधला. जमिनीपासून लाकडी आधार न उभारता त्याने विटांवर विटा रचत एवढा प्रचंड घुमट वर नेला. ओझी उचलायला बैलांनी चालणारे यंत्रही स्वतःच रचले. शिक्षणाने हा गृहस्थ सोनार! त्या घुमटाच्या दोन कवचांमधून ४६३ पायऱ्या चढून वर जाता येते. मी मस्कतहूनच दुपारी साडेचारचे तिकीट काढून ठेवले होते, स्वतःच्या पैशाने. हिशेब सोपा होता. कॉम्प्रेसर सलग चार तास चालवायचा. सकाळी साडेनऊला सुरू केला तर दीडला संपेल.

पावणेबाराला तेलाच्या तात्पुरत्या पाइपच्या सांध्यातून गळती दिसली. दोष किरकोळ, पण यंत्र थांबवावे लागले. आणि मध्ये थांबले की पुन्हा पहिल्यापासून चार तास. दुरुस्ती होऊन यंत्र पुन्हा फिरू लागले तेव्हा दोन वाजले होते.

माझ्याबरोबर तपासणी संस्थेचे एक वयस्क इटालियन गृहस्थ होते. माझे घड्याळाकडे पाहणे त्यांच्या लक्षात आले. मी तिकिटाचे सांगितले तेव्हा ते प्रेमाने म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी आहे इथे. सगळे आकडे संगणकावर नोंदले जातात. घुमट काही रोज बघायला मिळत नाही." त्यांच्या मनात कपट नव्हते. पाहुण्याला आपले गाव दाखवण्याची ती हौस होती.

मी पंधरा मिनिटे विचार करीत होतो, हे कबूल करतो. बेअरिंगचे तापमान, कंपनांचे आकडे माझ्या तिथे उभे राहण्याने बदलणार होते का? मुळीच नाही. मग माझ्या उभे राहण्याला अर्थ काय? तेव्हा एकदम लक्षात आले, की मला जवळपास पाच हजार किलोमीटरांवरून पाठवले आहे ते पाहण्यासाठीच. आकडे तर मस्कतला बसूनही मिळाले असते. माझे डोळे ही तिथे उसनी दिलेली वस्तू होती, आणि त्या चार तासांपुरते ते माझे नव्हते. परक्याने विश्वासाने ठेवायला दिलेल्या पैशातून आपण देवळात दानसुद्धा करत नाही. मग वेळेचे वेगळे कसे असेल?

मी थांबलो. साडेचार वाजले, पाच वाजले. सहाला चाचणी पूर्ण झाली, मग बेअरिंग उघडून पाहिले, आणि साडेआठला सही केली. यावेळीही काहीच झाले नाही. यंत्र उत्तम होते. दोन्ही वेळचा निकाल एकच; फरक फक्त सहीत.

रात्री नऊला शहरात आलो. कॅथेड्रलची दारे बंद होती. चौकात उभा राहून मान वर केली आणि दिव्यांच्या उजेडात तो विटकरी घुमट पाहिला. आषाढीला दर्शनाची रांग लांबच लांब असते, तेव्हा कितीतरी वारकरी बाहेरूनच कळसाचे दर्शन घेतात आणि समाधानाने माघारी फिरतात. त्यांची वारी अपुरी राहते असे कोणी म्हणत नाही. मीही कळसाचेच दर्शन घेतले. मग एका छोट्या खाणावळीत शिळा पाव, घेवडा आणि पालेभाज्या घालून केलेले घट्ट सूप खाल्ले. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या आपल्या आज्यांना ते नक्की पटले असते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात दहाला बैठक होती. त्याआधीचा वेळ मात्र निखालस माझा. आदल्या दिवशी टॅक्सीवाल्याने, मी भारतीय म्हटल्यावर, नदीवरचा एक पूल दाखवून "इंडियानो, इंडियानो" असे सांगितले होते. हॉटेलवर चौकशी केली आणि उजाडता उजाडता कासिने नावाच्या बागेच्या पश्चिम टोकाला गेलो. तिथे झाडांमध्ये चक्क एक छत्री उभी आहे, आपल्याकडच्या संस्थानिकांच्या समाधीवर असते तशी, आणि तिच्याखाली एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे राजाराम महाराज. १८७० साली इंग्लंडचा दौरा करून परत निघाले असता ३० नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस! तेव्हाच्या इटलीत दहनाची पद्धत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. छत्री १८७४ ची. शेजारच्या पुलालाही त्यावरूनच 'इंडियानो' नाव पडले.

माझे आजोळ कोल्हापूरचे. राजाराम कॉलेजवरून मी लहानपणी शेकडो वेळा गेलो असेन. पण हे राजाराम म्हणजे शिवरायांचे धाकटे चिरंजीव, असेच मी धरून चाललो होतो. जे आजोळी डोळ्यांसमोर असून पाहिले नाही, ते पाहायला फ्लोरेन्सला यावे लागले! महाराजांनी त्या प्रवासात रोजनिशी लिहिली होती आणि ती पुढे १८७२ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाली. पाहिलेले घरी जाऊन सांगावे, ही त्यांचीही इच्छा असणारच. सांगायला ते परत पोहोचले नाहीत. मी हात जोडले आणि वेळेत बैठकीला पोहोचलो. त्या टॅक्सीची पावती खर्चाच्या कागदांत लावली नाही, ती अजून माझ्या पाकिटात आहे.

घरी आल्यावर सौ.ला सगळे सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "छान झाले. पण अहो, आपण सतरा वर्षे मस्कतला आहोत. निझवा तरी कुठे पाहिलंय?"

मी निरुत्तर झालो. आपले इथले सगळे वास्तव्यच मुळी कामानिमित्त केलेला प्रवास आहे, हे मी विसरलो होतो. व्हिसा नोकरीचा, घर नोकरीचे, आणि नोकरी संपली की बॅग भरायची. 'नंतर बघू' म्हणत म्हणत आपणही नाश्त्याची टेबले तेवढी आठवणारे होऊन बसतो.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी आम्ही निझवाला गेलो. किल्ला पाहिला आणि जवळचा फलज दारिसही. जमिनीखालून वाहत आलेले ते पाणी शेकडो वर्षे खजुरीच्या बागांना मिळते आहे. २००६ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. या फलजांची पद्धत अशी, की पाणी वेळेवर वाटले जाते. ज्याचा जेवढा वाटा तेवढा वेळ त्याच्या बागेत पाणी. दिवसा सूर्याची सावली पाहून आणि रात्री तारे पाहून तो वेळ मोजत. वाटा संपला की पाट बंद करून पाणी पुढच्याला सोडायचे.

सौ. पाण्यात पाय सोडून बसली होती. माझ्या मनात आले, माझ्या प्रश्नाचे उत्तर घरापासून दोन तासांवर वाहत होते. दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी घेऊ नये, हे मी तिरुचिरापल्लीत चुकून शिकलो. पण स्वतःच्या वाट्याचे पाणी आले असताना पाट बंद ठेवून बाग सुकवू नये, हेही तितकेच खरे.

आता निवृत्तीला थोडेच दिवस उरले आहेत. मंडळी, पुढच्या वेळी कामासाठी कुठे गेलात तर सही खरी करा, आणि मग आपल्या वाट्याचा जो तास उरेल त्यात गाव जरूर पाहा. कळसाचे दर्शन झाले तरी पुरे. आणि निझवा अजून पाहिले नसेल, तर या थंडीत जाऊन याच.