चिलखत उतरवायचं का?

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये बहुतेकांची पावलं व्हॅलेंटाइन, चर्चिल, विजयंता या रणगाड्यांपाशी रेंगाळतात. जुन्या गाड्यांचं वेड असलेल्यानं मात्र तिथली रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आधी बघावी. अंगभर रिव्हेट मारलेले पोलादी पत्रे, वर फिरता गोल बुरूज, त्यात मशीनगनची खाच. हीच ती आलिशान सिल्व्हर घोस्ट मोटार, हे सांगूनही पटत नाही. पण घराणं तेच, सहा सिलिंडरचं आणि साडेसात लिटरच्या आसपासचं इंजिनही तेच. १९११ साली या मॉडेलची एक गाडी लंडनहून एडिनबरोपर्यंत टॉप गिअरवर गेली होती. त्याच वर्षी हलकी, निमुळती बॉडी चढवलेल्या घोस्टनं ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांचा वेग ओलांडला. १९१४ला महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेनं याच चासीवर चिलखत चढवलं. वजन वाढलं म्हणून स्प्रिंगा भक्कम केल्या, मागे जोडचाकं आली, रेडिएटरपुढे पोलादी दारं आली.

मग ही गाडी ओरिजिनल म्हणायची की मॉडिफाय केलेली? चिलखत उतरवून तिला कोणी चकचकीत टूरर बॉडी चढवली, तर ती ‘मूळ’ रूपात आली असं म्हणता येईल? माझ्या मते तो इतिहासाचा नाश ठरेल. त्या काळी रोल्स-रॉइस फक्त चासी विकायची. बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचं, आणि हौस फिरली की बदलायचंही. म्हणजे कारखान्यातून निघालेली गाडी अर्धीच असायची. बाकीची अर्धी तिच्या आयुष्यानं घडवली.

आपला कायदा हे आयुष्य मोजत नाही. जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. मग तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नियमामागचा हेतू चांगला आहे. नगरमध्येच व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेत नव्या मॉडेलांच्या चाचण्या होतात. ब्रेक, वजन, धूर सगळं तपासून मंजूर झालेली गाडी कोणी मनाला येईल तशी कापली, तर त्या मंजुरीला अर्थ उरत नाही. तरीही एक प्रश्न राहतो. मद्रासजवळच्या शोलावरमला, महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर, कित्येक वर्षं शर्यती झाल्या. तिथे फिएट ११००सुद्धा शर्यतीसाठी बदल करून पळवत. आपल्याकडे स्पोर्ट्स कार विकत मिळणंच दुर्मीळ होतं, ती गॅरेजमध्ये घडवावी लागे. तशी एखादी फिएट आज इंजिनातल्या त्या बदलांसह सापडली, तर तिला कारखान्याचं इंजिन बसवून ‘शुद्ध’ करायचं? देशातल्या मोटार शर्यतींचा पुरावा आपण आपल्याच हातांनी पुसणार?

आता याची दुसरी बाजू, आणि इथे मी कडक आहे. धडधाकट प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी विलीज जीप गॅरेजला येते. मालकाला डिझेल इंजिन हवं असतं. नवा गिअरबॉक्स बसत नाही म्हणून मिस्त्री गॅस कटर पेटवतो आणि फ्लोअरचा पत्रा कापतो, चासीच्या आडव्या पट्टीलाही हात घालतो. जुनं इंजिन भंगारात किलोवर जातं. तीस-चाळीस हजार वाचले म्हणून मालक खूश असतो. पण कापलेला पत्रा परत येत नाही. शोलावरमच्या फिएटमागे एक काळ होता, एक गरज होती, हातातलं कसब होतं. या कापाकापीमागे घाई आहे. दोन्हींना ‘मॉडिफिकेशन’ या एकाच शब्दात कोंबणं अन्यायाचं आहे.

गाडी चालवायची तर काही बदल करावेच लागतात. कुजलेलं वायरिंग बदला, सीट बेल्ट लावा, ब्रेक तर आधी सुधारा. जीव जाण्यापेक्षा ते कधीही बरं. मात्र जे उलटवता येईल तेवढंच करा. नवं भोक पाडण्याऐवजी आहे त्या बोल्टच्या जागा वापरा. नियम करणाऱ्यांनीही जुने फोटो, बिलं, शर्यतीच्या नोंदी असा पुरावा असेल, तर त्या काळी झालेले बदल मूळ रूपाचाच भाग मानावेत. एवढी एक ओळ नियमात आली तरी पुष्कळ गाड्या वाचतील.

आणि तुमच्या दारात अशी गाडी असेल, तर काढलेला कार्ब्युरेटर भंगारवाल्याला देऊ नका. ग्रीस लावून, कापडात गुंडाळून, वर तारीख लिहून माळ्यावर ठेवा.