उरलेल्या चार कळा

मोठ्या घरातले लहान घरात न्यावयाचे झाले म्हणजे काय टाकावे, हा प्रश्न बदलीच्या नोकरीत जन्म घालविणाऱ्या आमच्या वाचकांस नवा नाही. सामानापुरते त्याचे उत्तर मालमोटारीचे भाडे देऊन टाकते. परंतु जी वस्तू दुसऱ्याने घडविली व जिच्यावर असंख्य लोकांनी प्रीती केली, ती आखूड करण्याचे काम अंगावर आले, तर निष्ठा नेमकी कशाशी राखावयाची? याचा विचार आज आम्ही मुलांच्या एका खेळावरून करणार आहोत. काही प्रौढ वाचकांच्या कपाळी आठ्या पडतील, त्याला आमचा इलाज नाही.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1991 साली ‘स्ट्रीट फायटर 2’ हा द्वंद्वाचा खेळ काढला. नाणे टाकून उभ्याने खेळावयाचे ते कपाटाएवढे यंत्र. डाव्या हाताशी एक दांडा आणि उजव्या हाताशी सहा कळा: तीन ठोशांच्या, तीन लाथांच्या, हलका, मध्यम आणि जोराचा अशा चढत्या क्रमाने. 1995 साली हाच खेळ निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रात उतरविण्यात आला. तेथे डाव टाकण्याजोग्या कळा दोनच. मोठ्या यंत्राचे चित्र 384 गुणिले 224 ठिपक्यांचे, याचे 160 गुणिले 144 ठिपक्यांचे. म्हणजे पाव हिश्श्याहून थोडेसेच अधिक. रंगांच्या जागी हिरवट करड्या चार छटा.

चार कळांची ही तूट कशी भरून काढली, ते पाहण्याजोगे आहे. कळ चटकन दाबून सोडली तर घाव हलका, दाबून धरली तर जोराचा, अशी योजना झाली. वरवर पाहता हिशेब जुळला. पण मूळ खेळात जोर किती लावावयाचा हा निर्णय कोणते बोट पडते यावर होता; आता तो बोट किती वेळ रेंगाळते यावर आला. जेथे क्षणार्धात जय-पराजय ठरतो, तेथे ही अदलाबदल लहान म्हणता येणार नाही. उलट, दांडा खाली, तिरपा आणि पुढे असा पाव वर्तुळात नेऊन ठोशाची कळ दाबावी आणि र्‍यू या योद्ध्याच्या हातून तेजाचा गोळा सुटावा, ही हाताची लकब मात्र लहान यंत्रावरही राखली गेली. त्यापायी बाकीचे पुष्कळ माफ करावेसे वाटते.

माणसेही गळली. मुळातले बारा योद्धे येथे नऊ झाले. वगळलेल्या तिघांत एक जपानी सुमो मल्ल, एक मुखवटाधारी स्पॅनिश लढवय्या आणि तिसरा धालसिम, म्हणजे हातपाय हवे तेवढे लांबवून लढणारा भारतीय योगी. योगशास्त्राचे ते चित्र आम्हांस मुळातही फारसे रुचले नव्हते, तरी तो नाही म्हटल्यावर उगाच चुकल्यासारखे झाले.

दुसरा मार्ग एसएनके या जपानी कंपनीने धरला. तिचा ‘किंग ऑफ फायटर्स’ मोठ्या यंत्रावर चार कळांनी खेळला जाई. 1999 साली ‘निओ जिओ पॉकेट कलर’ या स्वतःच्या लहान यंत्रासाठी दोन कळांचा ‘आर-2’ काढताना तिने मूळच्या धिप्पाड आकृत्या आक्रसून बसविण्याचा हट्ट धरला नाही. योद्धे मोठ्या डोक्याचे, आखूड अंगाचे, जवळजवळ बाहुल्यांसारखे काढले. त्या यंत्राला मात्र अंगठ्याखाली टकटक वाजणारा एक इवला दांडा होता, मोठ्या यंत्राच्या दांड्याची हुबेहूब आठवण देणारा. रूप सोडले आणि स्पर्श राखला! आमच्याकडे देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, त्याला आपण भाषांतर न म्हणता रूपांतर म्हणतो. आपण बदललो आहोत हे रूपांतर उघड सांगते. आमचे मत अशा कामाकडे झुकते.

यावर कोणी म्हणेल, गाभा राखला की झाले. परंतु गाभा कोणता हे ठरवितो कोण? कात्री ज्याच्या हाती, तोच. आणि जे कापले गेले ते गाभ्याबाहेरचे होते, असे मागाहून सिद्ध करणे नेहमीच सोपे असते. ज्याने मूळ पाहिले आहे, तो तूट मनाने भरून घेतो. चार छटांतही त्याला रंग दिसतात. खरे ऋण असते ते ज्याला मूळ कधीच दिसणार नाही त्याचे. त्याच्यापुरती ती नक्कल नव्हे, तेच सर्वस्व. आमच्या परगावच्या मंडळांतला दीड दिवसाचा गणपती पाहून वाढलेल्या मुलांकडे पाहताना हा विचार आमचा पाठलाग करतो.

आमच्या एका स्नेह्यांची बदली दूर पूर्वेकडे झाली होती. त्यांचा मुलगा गेम बॉयवरच हा खेळ शिकला आणि त्यात चांगला तरबेज झाला. पुढे एका रजेत मुंबईस आले असता वडिलांनी मोठ्या हौसेने त्याला त्या कपाटाएवढ्या यंत्रापुढे नेऊन उभे केले. मुलाने दांडा हलवून पाहिला, कळा मोजल्या, पडद्यावरच्या लांब हातांच्या योग्याकडे क्षणभर निरखून पाहिले आणि विचारले, “बाबा, हा कोण? आणि ह्या उरलेल्या चार कशाला?”

स्नेह्यांनी खिशातून आणखी एक नाणे काढले.