जुनी गाडी आणि आठशे दिरहम

विकणाऱ्याने मालातला ऐब लपवू नये, हे आम्ही शाळेत दरवर्षी शिकवतो. बाजारात धान्याच्या ढिगात पैगंबरांनी (स.) हात घातला, बोटांना ओल लागली, आणि भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही गोष्ट मुलांना लगेच पटते. एखादा मुलगा घरी जाऊन आपल्या फळे विकणाऱ्या वडिलांनाही ती ऐकवतो. पण घेणाऱ्याने मालातला गुण लपवला तर? हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही, आणि आम्हीही कधी काढला नाही. तो आमच्यापुढे आला एका मोटारसायकलीमुळे.

आम्ही म्हणजे सोलापूरहून रोज तालुक्याच्या गावी जाणारे दोघे शिक्षक. एसटीची वेळ आणि शाळेची घंटा यांचे कधी जमले नाही, म्हणून दोघांत एक जुनी गाडी घ्यायची असे ठरले. आमच्याच शाळेतून निवृत्त झालेले एक सर वारले होते. त्यांची यामाहा आरएक्स १०० अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. १९९३ चे पासिंग, आणि तीन वर्षे किक लागलेली नाही. टाकीला गंज, सीट उंदरांनी कुरतडलेली, दोन्ही टायरना भेगा. २०२१ च्या हिवाळ्यात आम्ही ती पाहायला गेलो.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन. १९८५ मध्ये आली, १९९६ मध्ये बंद झाली. धुराचे नियम कडक होत गेले तशी ही जातच रस्त्यावरून कमी झाली. पण बंद पडल्यावर तिची किंमत वाढली. तिच्या आवाजासाठी आजची पोरे वेडी आहेत. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता ती! हे आम्हाला माहीत होते. खालांना माहीत नव्हते.

आम्ही किक हाताने हळूच दाबून पाहिली. दाब चांगला लागला, म्हणजे इंजिन सीझ नव्हते. इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिले, दोन्ही जुळले. एकमेकांकडे पाहिले आणि काही बोललो नाही. मग आमच्यातला एक जण म्हणाला, "खाला, उभी राहून राहून गाडी गेली हो. भंगारवाला दोन हजारांच्या वर देणार नाही." हे वाक्य तसे खोटे नव्हते. भंगारवाल्याने खरोखरच तेवढेच दिले असते. खाला म्हणाल्या, "बेटा, तुम्ही सरांच्या शाळेतले. आठ हजार द्या, माझी जागा मोकळी होईल." आम्ही तिथेच आठ हजार मोजले.

पुढचे चार महिने रविवार मिस्त्रीकडे गेले. टाकीत रॉकेल आणि मूठभर नट-बोल्ट टाकून ती इतकी हलवली की खांदे दुखले. आतून विटकरी पाणी निघाले. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून डिंकासारखे झाले होते. आम्ही जेटमध्ये तार घालायला निघालो तर मिस्त्रीने हात धरला. तारेने भोक मोठे होते, मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. त्याने जेट भिजत ठेवले आणि हवेने फुंकून साफ केले. क्लचप्लेटी एकमेकींना चिकटल्या होत्या. सायलेन्सरची आतली नळी काजळीने अर्धी बुजली होती, ती जाळून काढावी लागली. क्रँकचे ऑइल सील कडक पडले होते. टू-स्ट्रोकमध्ये हे सील गेले की इंजिन बाहेरची हवा ओढते आणि मूठ न पिळताच गाडी पळू पाहते. टायर, चेन, ब्रेक लायनर, केबल, सगळे नवे.

सिलिंडर उघडला त्या दिवशी मिस्त्री बराच वेळ पिस्टन हातात धरून बसला. बोअर केलेल्या इंजिनात मोठ्या मापाचा पिस्टन येतो आणि त्याच्या डोक्यावर २५, ५० असा आकडा असतो. इथे आकडा नव्हता. "कंपनीचेच माप आहे," तो म्हणाला. "अठ्ठावीस वर्षांत एकदाही बोअर नाही. ह्या माणसाने गाडी जपली हो." आम्ही फक्त रिंगा बदलल्या.

गाडी सुरू झाली. दोनच आठवड्यांत एकाने तिला ९५,००० रुपये सांगितले. आमचा खर्च, खरेदी धरून, ३६,००० च्या आसपास होता. भांडण तिथून सुरू झाले.

आमच्यातला एक म्हणे, घाम आमचा, पैसा आमचा, धोकाही आमचाच. क्रँक तुटलेला निघाला असता तर खाला आठ हजार परत देणार होत्या का? म्हणणे खोटे नाही. दुसरा म्हणे, धोका घ्यायच्या आधी आपण किक दाबून पाहिली होती. आणि ज्या पिस्टनसाठी गिऱ्हाईक पैसे मोजतो, तो तुझ्या घामाने जपलेला नाही. ती मरहूम सरांची कमाई आहे.

या वेळी जरीर इब्न अब्दुल्लाह यांची रिवायत आठवली. त्यांच्यासाठी एक घोडा तीनशे दिरहमला ठरला. ते मालकाला म्हणाले, तुझा घोडा याहून चांगला आहे, चारशेला देतोस का? असे करत घेणाऱ्यानेच भाव आठशेपर्यंत नेला. प्रत्येक मुसलमानाचे भले चिंतीन, अशी बैअत त्यांनी पैगंबरांच्या (स.) हाती केली होती. फिकहच्या काटेकोर हिशेबात प्रत्येक गिऱ्हाइकावर असे बंधन घातलेले नाही, हे आम्ही जाणतो. इमाम गझालींनी व्यापारात अद्ल आणि एहसान असे दोन वेगळे दरवाजे सांगितले आहेत, आणि जरीर दुसऱ्या दरवाजाने गेले. पण आम्ही नुसते गप्प राहिलो नव्हतो. भंगारवाल्याचे वाक्य बोललो होतो. खरे वाक्य खोट्या कामाला लावले, तर ते कोणत्या दरवाजात बसते?

कागदपत्रांनी गुंता आणखी वाढवला. मालक वारला असेल तर गाडी आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावे करावी लागते, मग घेणाऱ्याच्या. खालांनी स्वतःचे नाव लावण्यासाठी मुलगा आणि दोन मुली यांच्या ना-हरकत सह्या घेतल्या होत्या. त्या सह्या नीट वाचल्या तेव्हा ध्यानात आले, की गाडी एकट्या खालांची कधी नव्हतीच.

शेवटी एका गोष्टीवर एकमत झाले. दुरुस्तीची किंमत आमची. पण त्या दिवशी, त्या अवस्थेत, कागदांसह गाडीचा बाजारभाव ३२,००० तरी होता. दिले आठ. उरलेले चोवीस हजार घेऊन आम्ही गेलो.

पैसे देणे सोपे होते. कशाचे, हे सांगताना जीभ अडखळली. खालांनी ऐकून घेतले, रागावल्या नाहीत, चहा ठेवला. मग वहीच्या पाठीमागे हिशेब मांडला: आठवा हिस्सा बेवेचा, ३,०००. मुलाला १०,५००. मुलींना ५,२५० प्रत्येकी. स्वतःचे तीन हजार वेगळ्या पाकिटात ठेवून त्यांनी तिघांनाही आमच्यासमोरच फोन लावले.

धाकटी म्हणाली, फोन त्यांना द्या. आम्ही घेतला. "पैशांचे ठीक आहे," ती म्हणाली. "पण त्या गाडीच्या टाकीवर बसून मी शाळेत जायचे. ती चालू होऊ शकते हे तुम्ही तेव्हा सांगितले असते, तर आम्ही विकली असती का?"

आम्ही फोन खालांच्या हातात दिला. गाडी बाहेर उभी होती, आणि तिचे कागद आमच्या नावावर होऊन तेव्हा दोन महिने झाले होते.